थायरॉईडची गोळी आणि गलाईची भट्टी

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, विशेषतः खानापूर, आटपाडी, तासगाव आणि कवठेमहांकाळ या तालुक्यांत, ज्या गावातून कोणीच गलाईच्या व्यवसायासाठी बाहेर पडले नाही असे गाव क्वचितच सापडेल. दुष्काळाने गाव सोडायला लावलेल्या आमच्या माणसांनी सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचे हे काम हाती धरले आणि देशाच्या कानाकोपऱ्यात नेले. माझे सासर विट्याजवळचे, याच व्यवसायातले. लग्नानंतर मी पतीबरोबर तमिळनाडूतील एका शहरात राहत होते. खाली दुकान आणि भट्टी, वरती दोन खोल्यांचे बिऱ्हाड, अशी ती व्यवस्था होती. पहिल्याच गरोदरपणात माझा थायरॉईड बिघडलेला निघाला आणि त्यावर उपचार घेता घेता तपास माझ्या रक्तातील शिशापर्यंत जाऊन पोचला. हे सगळे मी तपशीलवार लिहिते आहे, कारण आमच्या भागातील कितीतरी मुली आज अशाच बिऱ्हाडांत राहतात, आणि घरात काय काम चालते हा प्रश्न त्यांना दवाखान्यात सहसा कोणी विचारत नाही.

दिवस राहिल्यावर उलट्यांनी मी इतकी बेजार झाले की घरच्यांनी मला दुसऱ्या महिन्यातच विट्याला आणले. आशाताईंनी नाव नोंदवले, माता-बाल कार्ड हातात आले आणि पहिल्या तपासण्यांमध्ये टीएसएच, म्हणजे थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारे संप्रेरक, 6.8 निघाला, हिमोग्लोबिन 9.2. स्थानिक डॉक्टरांनी थायरॉईडची 50 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली आणि एकदा सांगलीला दाखवून घ्या, असे सांगितले. थकवा, केस गळणे, अंगाला सूज, बद्धकोष्ठता ही सगळी लक्षणे मला होती, पण गरोदरपणात हे असे व्हायचेच, असे प्रत्येक जण म्हणत होता, आणि त्यात त्यांचेही काही चुकत नव्हते, कारण ही लक्षणे खरोखरच दोन्हीकडे सारखी असतात. म्हणूनच रक्ततपासणीला पर्याय नाही.

सांगलीच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्या भेटीत जे समजावून सांगितले, ते मला तोवर कोणीही सांगितले नव्हते. पोटातील बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी साधारण दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून आयोडीन ओढून घेऊ लागते, पण ती खऱ्या अर्थाने कामाला लागायला गरोदरपणाचा मध्य उजाडतो. तोपर्यंत बाळाच्या मेंदूची घडण आईच्या रक्तातून येणाऱ्या थायरॉक्सिनवर, म्हणजे थायरॉईड ग्रंथीच्या संप्रेरकावर, अवलंबून असते. त्यामुळे आईच्या ग्रंथीवरचा भार वाढतो. गरोदरपणात तयार होणारे एचसीजी हे संप्रेरक या ग्रंथीला चालना देते, म्हणून पहिल्या तिमाहीत टीएसएच खाली यायला हवा. तो खाली येण्याऐवजी वर गेलेला असेल, तर ग्रंथीला हा वाढीव भार पेलवत नाही, असा त्याचा अर्थ होतो. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, त्या त्या भागाचे स्वतःचे निकष उपलब्ध नसतील तर पहिल्या तिमाहीत टीएसएचची वरची मर्यादा साधारण 4 धरतात आणि उपचार सुरू असलेल्या स्त्रीचा टीएसएच 2.5 च्या आत ठेवण्याचा प्रयत्न करतात. माझ्या रक्तात टीपीओ प्रतिपिंडेही सापडली. म्हणजे माझेच प्रतिकारशक्तीचे सैन्य माझ्या ग्रंथीवर चालून गेलेले होते, आणि हे बहुधा लग्नाच्याही आधीपासून हळूहळू चालू असावे, असे मॅडमचे मत पडले.

इथवरची हकिगत अनेक जणींची असते. पुढचा प्रश्न मात्र वेगळा होता. कार्डावरचा पत्ता आणि नवऱ्याचा व्यवसाय वाचून मॅडमनी विचारले, “गलाई म्हणजे नेमके काय काय करतात? आणि तुम्ही राहता कुठे, दुकानापासून किती लांब?” मी म्हटले, लांब कुठे, दुकानाच्या डोक्यावरच.

त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि सगळी पद्धत मला विचारून घेतली. सराफांच्या कारखान्यांतील झाडलोट, पुसायची फडकी, घासलेल्या दागिन्यांची पूड हे सगळे गलाईवाला विकत घेतो. ते जाळून त्याची राख करायची, ती राख शिसे आणि टाकणखार घालून मुशीत वितळवायची. राखेतले सोने-चांदीचे कण वितळलेले शिसे आपल्यात ओढून घेते. मग तो गोळा भट्टीवर हवा देत तापवत ठेवायचा. शिशाचे भस्म होत जाते, काही खालच्या थरात जिरते, काही धूर होऊन उडते, आणि शेवटी चांदीचा चकचकीत गोळा उरतो. सोने वेगळे करायला तेजाब लागते, आणि काही ठिकाणी राखेतले बारीक सोने धरण्यासाठी पाराही वापरतात. शिसे 327 अंशांना वितळते आणि चांदीला 961 अंश लागतात. म्हणजे चांदी पाझरेपर्यंतच्या उष्णतेत शिशाची वाफ होत राहणार हे उघडच आहे. ती वाफ थंड झाली की अतिशय बारीक धूळ बनते आणि भिंतीवर, जिन्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. आमच्या जिन्याच्या कठड्यावर बोट फिरवले की राखाडी-पिवळसर पूड लागायची. मी ती रोज झाडूने झाडत असे.

मॅडमनी आणखी एक गोष्ट विचारली, त्या प्रश्नाने माझे पतीही पुढे चकित झाले. जुने केडीएमचे दागिने मोडीत येतात का? येतात, भरपूर येतात. केडीएमच्या डागात, म्हणजे दागिन्याचे तुकडे जोडणाऱ्या धातूत, कॅडमियम असते आणि ते 767 अंशांनाच उकळते, तर सोने 1064 अंशांना वितळते. म्हणजे असा दागिना मुशीत टाकला की सोने पाणी होण्याच्या आधीच कॅडमियम हवेत गेलेले असते. एकाच भट्टीतून शिसे, पारा आणि कॅडमियम असे तिन्ही जड धातू निघण्याची शक्यता आहे, हे पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा करणाऱ्या आमच्या घरात कोणी अशा रीतीने मांडले नव्हते.

थायरॉईड या धातूंमुळेच बिघडला का, हा प्रश्न मी अर्थातच विचारला, आणि मला त्याचे सरळ उत्तर मिळाले याचे मोल मला आजही वाटते. मॅडम म्हणाल्या की तसे म्हणता येणार नाही. तुमच्या बाबतीत प्रतिपिंडे सापडली आहेत आणि तेवढ्याने टीएसएच वाढल्याचा उलगडा होतो. थायरॉईड ग्रंथीत कॅडमियम साठलेले आढळते, पारा सेलेनियमला घट्ट धरून ठेवतो आणि थायरॉक्सिनचे शरीराला वापरता येईल असे रूप बनवणारी विकरे सेलेनियमवरच चालतात, त्यामुळे या धातूंचा थायरॉईडशी संबंध असणे शक्य कोटीतले आहे. पण गरोदर स्त्रियांच्या पाहण्यांमधून निघालेले निष्कर्ष एका दिशेने जात नाहीत. शिसे तपासायचे ते थायरॉईडसाठी नव्हे, तर बाळासाठी. शिसे वारेतून बाळाकडे सहज जाते, मेंदूच्या वाढीला अपाय करते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी नाही. ज्या मेंदूसाठी थायरॉईडची गोळी द्यायची, त्याच मेंदूला दुसऱ्या बाजूने इजा होऊ द्यायची नाही, एवढे साधे गणित होते. वार सगळे काही अडवते, हा जुना समज जपानमधील मिनामाता येथे 1956 मध्ये उघडकीस आलेल्या पाऱ्याच्या विषबाधेने मोडीत काढला. तिथे आयांना फारसा त्रास जाणवला नाही आणि बाळे मात्र गंभीर व्यंग घेऊन जन्मली.

रक्तातील शिशाची तपासणी नेहमीच्या पॅकेजमध्ये नसते, ती नाव घेऊन मागावी लागते. सांगलीतल्या प्रयोगशाळेने नमुना घेऊन मुंबईला पाठवला. नमुना घेणाऱ्या मुलीला बहुधा आधीच सूचना मिळालेल्या होत्या, कारण तिने मला आधी दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाने धुवायला लावले, मग दंडाच्या आतली जागा स्पिरिटने दोनदा पुसली आणि गडद निळ्या टोपणाची वेगळी नळी काढली. कातडीवरची धूळ सुईबरोबर नळीत गेली तर आकडा खोटाच वाढून येतो आणि साध्या नळीच्या बुचातही धातूचा अंश असू शकतो, म्हणून ही काळजी. पाऱ्यासाठी लघवी घेतली. भट्टीतून वाफेच्या रूपाने गेलेला पारा लघवीत नीट कळतो, तर मासळीतून येणारा पारा रक्तात. कॅडमियमसाठी रक्तच चालले. खर्च झाला, आणि तो प्रत्येकीला परवडेल असे मी म्हणणार नाही. सरकारी योजनेत निदान गलाई, बॅटरी दुरुस्ती आणि भंगार या धंद्यांतील घरांसाठी ही तपासणी मोफत व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

अहवाल आला. पारा आणि कॅडमियम मर्यादेत होते. शिसे दर डेसिलिटरला 11.4 मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 5 किंवा त्याहून जास्त आकडा आला की शिसे कोठून येते ते शोधून तो स्रोत बंद करायचा असतो. शिसे शरीराबाहेर काढणारी औषधे गरोदरपणात 45 च्या आसपास आणि त्यापुढे विचारात घेतात, त्यामुळे मला ती द्यायची वेळ नव्हती. हे ऐकून आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, “मग औषधच नसंल तर तपासून काय उपेग?” प्रश्न रास्त होता. उपयोग असा, की औषध नसले तरी तीन गोष्टी करता येतात आणि त्या तिन्ही घरातच करायच्या असतात. धूळ थांबवायची, कॅल्शियम भरून काढायचे आणि लोह भरून काढायचे.

कॅल्शियमचे कारण मला सगळ्यात विलक्षण वाटले. प्रौढ माणसाच्या शरीरातील 90 टक्क्यांहून अधिक शिसे रक्तात नसते, हाडांत असते. रक्तातले शिसे महिनाभरात निम्म्यावर येते, पण हाडातले निघायला वीस-तीस वर्षे लागतात. हरिपूरच्या पेवांत हळद जशी जमिनीखाली दीर्घकाळ टिकून राहायची, तसे ते हाडांत बसून राहते, आणि गरोदरपणात बाळाच्या हाडांसाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम उचलले जाऊ लागले की त्याच्याबरोबर शिसेही वर येते. म्हणजे मी विट्याला आले, भट्टीपासून शेकडो कोस दूर झाले, तरी माझी जुनी शिल्लक माझ्याबरोबरच आली होती. आहारातून आणि गोळ्यांतून कॅल्शियम पुरेसे मिळाले तर हाडांवरचा हा उपसा कमी होतो. लोहाचेही तसेच आहे. पोटात लोह कमी असले की आतडे लोहाच्या वाटेनेच शिसे आणि कॅडमियम अधिक ओढून घेते. शिवाय थायरॉईड संप्रेरक बनवणाऱ्या विकरालाही लोह लागते. माझे 9.2 हिमोग्लोबिन असे दोन्ही बाजूंनी घातक ठरत होते.

यातून गोळ्यांचे जे वेळापत्रक तयार झाले ते सांभाळणे हे वाटते तितके सोपे काम नाही, कारण थायरॉईडची गोळी लोह आणि कॅल्शियम या दोघांनाही आतड्यात जाऊन चिकटते आणि मग तिचा धड उपयोग होत नाही. त्यांच्यात निदान चार तासांचे अंतर लागते. पहाटे साडेपाचला उठून मी थायरॉईडची गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि तासभर चहासुद्धा घ्यायचा नाही. आमच्याकडे उठल्या उठल्या चहाचे आधण चढते, त्यामुळे सुरुवातीला आत्या माझ्यापुढे कपबशी ठेवून बसायच्या. नंतर त्याच घड्याळ बघून “अजून धा मिंटं हाईत” असे सांगू लागल्या. लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर, आणि त्या वेळी दही-ताक नाही. कॅल्शियमची एक गोळी दुपार टळल्यावर आणि दुसरी रात्रीच्या जेवणानंतर. खाण्यात नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, दूध, हरभऱ्याची भाजी. जेवणातले मीठही बदलले. आत्या सवयीने खडे मीठ वापरत. खाण्यासाठी आयोडीन नसलेले मीठ विकण्यावर देशात 2006 पासून बंदी असली तरी खडे मीठ बाजारात मिळतेच. गरोदर स्त्रीला रोज 250 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, म्हणून पुडीतले आयोडीनयुक्त मीठ झाकणाच्या बरणीत भरून ठेवले आणि भाजी उतरवताना घालायला लागलो.

हळदीबद्दलही विचारणा झाली, आणि सांगलीत राहून हळदीवर संशय घ्यायचा हे घरात कोणालाच रुचले नाही. 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आमची हळद! पण धोका पिकात नसतो, नंतरच्या रंगवण्यात असतो. हळकुंडे अधिक पिवळी दिसावीत म्हणून लेड क्रोमेट चोळण्याचा प्रकार बांगलादेशात गरोदर स्त्रियांच्या रक्तातील शिशाचा माग काढताना उघडकीस आला. तिथे 2019 मध्ये बाजारातील हळदीच्या 47 टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते आणि तपासणी, दंड व प्रचार यांच्या जोरावर 2021 पर्यंत हे प्रमाण शून्यावर आणले गेले. आपल्याकडेही हळदीत लेड क्रोमेट अजिबात चालत नाही. आमच्या घरी ओळखीच्या शेतकऱ्याकडून हळकुंडे आणून गिरणीत दळण्याचीच रीत आहे, त्यामुळे हा मुद्दा लवकर मिटला. एका नातेवाईकाने शक्तीसाठी भस्माच्या पुड्या आणल्या होत्या; नागभस्म म्हणजे शिशाचेच भस्म, म्हणून त्या पुड्यांना हात लावला नाही. मातीचे डोहाळे मात्र मला अनावर होते. पहिला पाऊस पडल्यावर अंगणातला वास आला की भाजलेल्या मातीचा खडा तोंडात घालावासा वाटे, आणि आठवड्याच्या बाजारात अशी माती विकायला असतेही. हे डोहाळे पुष्कळदा लोहाच्या कमतरतेचेच लक्षण असतात, आणि त्या मातीतून आणखी शिसे पोटात जाऊ शकते. लोहाच्या गोळ्या लागू पडल्यावर ती ओढ आपोआप ओसरली.

खरी कठीण गोष्ट धुळीची होती, कारण विट्याच्या घरीही धूळ होती. मामा, म्हणजे माझे सासरे, वयामुळे गावी परतले असले तरी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची एक लहान भट्टी होती आणि ओळखीचे सोनार त्यांच्याकडे मोड घेऊन येत. मी त्यांना अहवाल वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “आगं पोरी, आख्खा जल्म भट्टीम्होरं गेला माजा. माज्या आईनं मला भट्टीच्याच खोलीत पाळन्यात घातलं व्हतं. आमाला काय झालं?” ज्या कामावर घर उभे राहिले, मुलींची लग्ने झाली, विहिरीला पाणी लागले, त्या कामाला कोणी विष म्हणावे हे त्यांना लागले होते, आणि मला ते समजत होते. मी वाद घातला नाही. पतीला मात्र फोन करून तिथल्या तिथे रक्त तपासून घ्यायला सांगितले.

पतीचा आकडा 38 आला. पोटात अधूनमधून कळा येतात, चिडचिड होते, हे ते दोन वर्षे सांगत होते आणि पित्तावर गोळ्या घेत होते. सुनेच्या अहवालाने जे झाले नाही ते मुलाच्या अहवालाने झाले. आपल्या घरांत हे असेच चालते आणि मला त्याची खंत वाटते, पण त्या वेळी काम होणे महत्त्वाचे होते. मामांनी भट्टी बंद केली नाही. ती मळ्यातल्या पंपाच्या खोलीशेजारी नेली, धुराड्याची उंची वाढवली, आणि तिथेच आंघोळ करून, कपडे बदलून घरी यायचे ठरवले.

त्यानंतर परसाकडची बाजू आणि घर धुऊन काढायचे काम निघाले. त्यात मी हात घालायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. नणंद आणि आत्यांनी आधी सगळीकडे पाणी शिंपडले, कारण कोरड्या झाडूने शिशाची धूळ जात नाही, ती हवेत उडते आणि पुन्हा बसते. मग ओल्या फडक्याने चौकटी, फळ्या, खिडक्यांचे गज पुसले, फडके दर वेळी वेगळ्या बादलीत पिळले, आणि ते पाणी भाजीच्या वाफ्यात न टाकता मोरीत सोडले. पतीची तमिळनाडूहून आलेली पत्र्याची पेटी उघडली तेव्हा त्यातल्या कामाच्या शर्टांच्या शिवणींत आणि खिशांच्या कोपऱ्यांत तीच राखाडी-पिवळी पूड दाटून बसलेली होती. एक शर्ट झटकल्याबरोबर उन्हाच्या तिरिपेत ती तरंगताना दिसली. आत्यांनी तो शर्ट तसाच खाली ठेवला, पदर नाकाला लावला आणि पेटी ओसरीबाहेर ओढली. त्यानंतर कोणालाही काही समजावून सांगावे लागले नाही.

गोळी सुरू झाल्यावर चार आठवड्यांनी केलेल्या तपासणीत टीएसएच 3.9 वर आला, गोळी 75 मायक्रोग्रॅमची झाली आणि त्यापुढच्या तपासणीत तो 2.1 वर स्थिरावला. गरोदरपणात या गोळीची मात्रा वाढवावी लागणे नेहमीचे आहे, म्हणून निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी आणि नंतर तिसाव्या आठवड्याच्या सुमारास टीएसएच बघतात. मात्रा वाढली म्हणून घाबरलेल्या अनेक जणी मला बाकावर शेजारी भेटल्या. त्यांना मी हेच सांगत असे. शिशाचा आकडा पाचव्या महिन्यात 7.9 झाला आणि आम्ही निःश्वास टाकतो न टाकतो तोच आठव्या महिन्यात तो 8.6 आला. सगळी सफाई करूनही तो वाढला याने माझा धीर सुटला होता. मॅडमनी सांगितले की मधल्या महिन्यांत रक्त पातळ झाल्याने आकडा काहीसा कमी दिसतो आणि शेवटच्या तिमाहीत बाळाची हाडे भराभर वाढत असल्याने आईच्या हाडांतून उपसा वाढतो. ही चाल अपेक्षितच आहे, आणि कॅल्शियम नसते तर आकडा याहून वर गेला असता. हिमोग्लोबिन 11.3 झालेले होते.

बाळंतपण सांगलीत झाले, नैसर्गिक झाले, मुलगी झाली. नाळेचे रक्त शिशासाठी पाठवले होते, ते 6.7 आले. बाळाचा आकडा आईच्या आकड्याच्या थोडाच खाली असतो, त्यामुळे अंदाज होताच, तरी तो आकडा कागदावर बघणे जड गेले. अमेरिकेत लहान मुलांसाठी 3.5 ही लक्ष देण्याची पातळी 2021 पासून धरली जाते. तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन थायरॉईडची तपासणी झाली, ती उत्तम निघाली. स्तनपानाबद्दल घरात दोन मते होती. आईच्या रक्तातील शिसे 40 च्या खाली असेल तर अंगावर पाजण्यास हरकत नसते, पाजण्याचे फायदे कितीतरी मोठे असतात, असे स्पष्ट सांगितल्यावर तो प्रश्न उरला नाही. पाजतानाही हाडांतून कॅल्शियम जाते, म्हणून माझ्या कॅल्शियमच्या गोळ्या चालू राहिल्या. थायरॉईडची गोळी लगेच 50 वर आणली आणि सहा आठवड्यांनी टीएसएच पाहिला. टीपीओ प्रतिपिंडे असलेल्यांत बाळंतपणानंतरच्या वर्षात ग्रंथी आधी अति काम करू लागते आणि मग मंदावते, असे घडू शकते, त्यामुळे छातीत धडधड किंवा एकाएकी वजन उतरणे असे काही झाले तर थांबू नका, असे बजावून ठेवले आहे.

पतीने तिथल्या दुकानावरचे बिऱ्हाड सोडले आणि दोन गल्ल्या पलीकडे खोली घेतली. भट्टीवर धूर ओढणारा पंखा आणि झाकण बसवले, दुकानात जेवण आणि पाणी पिणे बंद केले, आणि कामाचे कपडे तिथेच धुतले जातात. त्यांचा आकडा 38 वरून 24 वर आला आहे. मुलीचे शिसे सहाव्या महिन्यात 4.1 होते; ती रांगू लागली की हात जमिनीवरून थेट तोंडात जाणार आणि लहान मुलांचे आतडे मोठ्यांच्या चार-पाच पट शिसे शोषून घेते, म्हणून पुढची तपासणी त्या सुमारास ठरली आहे. माझी धाकटी जाऊ केरळमध्ये दुकानाच्या माळ्यावर राहते आणि तिला नुकतेच दिवस गेले आहेत. मामांनीच तिला फोन करून सांगितले की टीएसएचबरोबर शिशाचीही चिठ्ठी मागून घे, आणि दीर दुसरी खोली शोधेपर्यंत तू विट्याला ये.